तीन हॉर्न

तीन हॉर्न वाजले की सगळे आले, असा त्या तिघांचा नियम होता. पुढे गोपाल, मधे नीळकंठ, शेवटी अवधूत. कुठल्याही थांब्यावरून निघताना आधी गोपालनं हॉर्न मारायचा, मग नीळकंठनं, मग अवधूतनं. तिसरा ऐकू आला की गोपालनं मागे न बघता गाडी गिअरात टाकायची. दर वर्षी फाल्गुनात, होळीच्या आधीच्या रविवारी, दिग्रसहून तीन मोटरसायकली पुसदकडच्या डोंगरात जायच्या, पळस बघत तीन टोकांवर थांबायच्या आणि दुपारच्या जेवणाला घरी परतायच्या. सात वर्षांत कोणी मागे राहिलं नव्हतं. नियम पक्का होता. फक्त तो करताना तिघंही आपापल्या गाडीवर एकटे होते, एवढीच काय ती बारीकशी गोष्ट.

आठव्या वर्षी अवधूतच्या मागे सुनीती बसली.

सकाळी सहाला पेट्रोल पंपावर तिला बघून गोपालनं तोंडातला खर्रा आधी थुंकला आणि मग नमस्कार केला. "वहिनी? तुमी? आमच्यासंगं?"

"का, रस्ता तुमच्या सातबाऱ्यावर आहे का भाऊजी?" सुनीती म्हणाली.

गोपालकडे पंचवीस एकर कापूस आणि तूर होती, रस्ता नव्हता. नीळकंठ ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्यानं कोणी काही विचारायच्या आत मान डोलावली.

सगळ्यात जास्त धक्का बसला होता तो अवधूतला. आदल्या रात्री जेवताना त्यानं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "येतेस का उद्या?" आणि सुनीती म्हणाली, "येते." बावीस वर्षांच्या संसारात तो असलं काही विचारत नसे, आणि तीही इतक्या पटकन उत्तर देत नसे. पण विचारण्याला कारण होतं. ते कारण घडी घालून त्याच्या जॅकेटच्या आतल्या खिशात होतं.

अवधूत भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होता. लोकांच्या शेतांचे बांध-धुरे मोजण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. ती सवय ऑफिसात ठेवून घरी यावी, तर तेही नाही. तो माणसं मोजायचा. गोपाल 'पाच मिनिटं' म्हणतो तेव्हा चाळीस धरायची. नीळकंठ ऐकण्याआधी मान हलवतो, म्हणून त्याला महत्त्वाचं काम सांगायचं नाही. आणि सुनीतीनं लग्नापासून आजपर्यंत 'नाही' म्हटलं ते तीनदा: एकदा कारल्याच्या भाजीला, एकदा त्याच्या मिशीला, आणि एकदा त्याच्या मावसभावाला बैठकीत झोपवायला. बाकी सगळ्या वेळी ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं अवधूतनं होकारात धरलं. मोजणी इतकी सरळ होती, की पुन्हा साखळी टाकून बघावी असं त्याला कधी वाटलं नाही.

सुनीती पंचायत समितीत लिपिक होती. गेल्या आठवड्यात तिला बढती लागली होती, आणि नेमणूक वणीला. दिग्रस ते वणी म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक; रोज जा-ये करण्याची गोष्टच नाही. बढती नको असेल तर सोमवारपर्यंत लेखी कळवायचं होतं. सुनीती आठवडाभर काही बोलली नव्हती, म्हणजे अवधूतच्या हिशेबानं तिला जायचं नव्हतं. मग त्यानंच अर्ज टाइप करून आणला. 'कौटुंबिक अडचणीमुळे सदर पदोन्नती स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.' खाली तिचं नाव, वर सहीपुरती जागा. तिसऱ्या टोकावर चहा घेताना, खाली सगळी दरी केशरी झालेली असताना, तिच्या हातात पेन द्यायचा, असा बेत होता.

पहिलं टोक म्हणजे धरणाची भिंत. तिथे पोहे खाल्ले. सुनीतीनं पाण्याकडे तोंड करून बराच वेळ घालवला आणि म्हणाली, "सात वर्षं तुम्ही हे एकटेच बघत होता." अवधूतला यात तक्रार ऐकू आली नाही. त्यानं ती कौतुकात धरली.

दुसरं टोक म्हणजे वाकडा मोह. घाटाच्या वळणावर मोहाचं एक जुनं झाड दरीकडे झुकलेलं होतं, जवळच्या तांड्यावरची लालीबाई सकाळी त्याखाली फुलं वेचायची. गोपाल दर वर्षी तिच्याकडून वाळलेल्या मोहफुलांचं पोतं न्यायचा. बैलांसाठी, असं तो म्हणायचा.

"तुये बैल लई रसिक हाय बे," नीळकंठ म्हणाला.

"तू मास्तर हायस, इतिहास पाह्य. बैलाचं मी पाहून घेतो."

पोतं आधीच रस्त्याच्या कडेला बांधून ठेवलेलं होतं. लालीबाई आणि सुनीती बोलत बोलत उताराखालच्या पळसांकडे गेल्या. सुनीतीला कॉलनीतल्या पोरांच्या रंगासाठी फुलं हवी होती. तिची पर्स, पर्समध्ये मोबाइल, अवधूतच्या गाडीच्या हँडलला अडकवलेली होती.

पुढे जे झालं ते नंतर तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं, पण जोडून बघितलं तर असं होतं. गोपालच्या गाडीवर स्टोव्ह आणि डबे बांधलेले होते, पोत्याला जागा नव्हती. अवधूत गाडी सुरू करून, हेल्मेट घालून, समोर बघत बसला होता. ओठ हलत होते, कारण तो सुनीतीला काय सांगायचं त्याची मनातल्या मनात उजळणी करत होता. गोपालनं ते मणभर पोतं त्याच्या मागच्या सीटवर उभं केलं, कॅरिअरला दोरीनं आवळलं, वर थाप मारली आणि ओरडला, "टाकलं बे मांगं. वहिनीले नीळकंठ घेते." बुलेट धडधडत होती. गाडी खाली दबलेली अवधूतला जाणवली. बसली, एवढं त्याला कळलं. त्यानं अंगठा दाखवला. गोपाल पुढे जाता जाता नीळकंठला म्हणाला, "वहिनीले तू घे." नीळकंठनं मान हलवली.

एक हॉर्न. दुसरा हॉर्न. तिसरा हॉर्न. तीन गाड्या वळणाआड गेल्या.

घाटाच्या मधल्या सपाटीवर अवधूतनं बोलायला सुरुवात केली. समोर बघून, मोठ्यानं, कारण हेल्मेटमधून आणि इंजिनावरून आवाज मागे पोचायला हवा होता. तोंडाकडे बघायचं नसलं की बोलणं सोपं जातं, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"सुनीती, ऐक. मधे बोलू नको," तो म्हणाला. ती मधे बोलली नाही.

"ऋचा कॉलेजसाठी पुण्याला गेली. आता घरात दोघं. तू वणीला गेलीस तर संध्याकाळी कुलूप उघडून मी कोणाला सांगू, की आलो म्हणून? हसू नको. स्वयंपाक मी करीन. कपडेही धुईन. पण ते 'आलो' म्हणायचं काय करू?"

दोन्ही बाजूंना पळस होता, पानाचं नाव नाही, नुसती फुलं. खिशात मोबाइल थरथरला. त्यानं वळणावर थांबून बघितलं: अनोळखी नंबर. रविवारीसुद्धा ही कर्जवाली मंडळी सोडत नाहीत, असं म्हणून त्यानं तो परत खिशात घातला आणि मागे न बघता निघाला. बघितलं असतं तर धीर गेला असता.

कारण आता खरं सांगायचं होतं.

"आणखी एक आहे. आठ वर्षांपूर्वी यवतमाळची जागा तुझ्याऐवजी त्या ज्युनिअर पोरीला गेली. तू म्हणालीस वशिला लागला. दोन दिवस जेवली नाहीस, मी तुला जिलेबी आणून दिली. वशिला नव्हता. तुझे साहेब मला एसटी स्टँडवर भेटले होते, म्हणाले, मॅडमला यवतमाळला पाठवतो, चालेल ना? मी म्हटलं, तिला नाही जमायचं. तुला विचारलं नाही. मीच म्हटलं."

मागून काही आलं नाही. इंजिन चालू होतं, वारा चालू होता. अवधूतच्या हेल्मेटच्या आत घाम आला.

"तू रागव. पण या वेळी मी लपवून काही करत नाही. अर्ज खिशात आहे. राहशील ना?"

त्याच वेळी उजवीकडचं मोठं वळण आलं. गाडी कलली, आणि त्याच्या पाठीला मागून भार टेकला. हळू, पूर्ण, ऊबदार भार. वळण संपलं तरी तो तसाच राहिला. अवधूतचे डोळे भरून आले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा यवतमाळहून सिनेमा बघून येताना ती अशी टेकली होती, त्यानंतर कधी नाही. रागावली नाही. गप्प राहिली आणि टेकली. त्यानं ते होकारात धरलं, आणि उरलेले सहा किलोमीटर पाठ ताठ ठेवून गाडी चालवली, तिला लागू नये म्हणून.

तिसऱ्या टोकावर गोपालनं पोचल्या पोचल्या, मान खाली घालून स्टोव्ह पेटवला होता. चहाला उकळी येत होती. अवधूतनं गाडी थांबवली, पाय टेकवले आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "उतर."

कोणी उतरलं नाही.

"उतर ना. पोचलो आपण."

गोपालनं चहाच्या पातेल्यावरून मान वर केली. "कोनाले मनून राह्यला?"

"हिला."

"पोत्याले?"

अवधूत वळला. आधी त्याला युरियाच्या पिशवीवरची निळी अक्षरं दिसली. मग दोरी. मग पिशवीच्या मागे रिकामा रस्ता, जिथून तो आला होता. तो रस्ता तो बघतच राहिला. त्याच्या डोक्यात पहिली जी गोष्ट आली ती पोत्याची नव्हती. ती बसली होती, हे त्याला नक्की माहीत होतं; तिचा भार त्याच्या पाठीवर अजून होता. म्हणजे ती मधे कुठे तरी पडली. म्हणजे तो बोलत होता आणि ती पडली.

"पडली," तो म्हणाला. "सुनीती पडली."

गोपालच्या हातातली सांडशी सुटली, पातेलं कलंडलं. "कोन पडली? वहिनी त नीळकंठच्या गाडीवर..." बोलता बोलता तो नीळकंठकडे वळला.

नीळकंठ आपल्या गाडीला टेकून उभा होता. त्यानं सवयीनं मान हलवायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबवली. "माझ्या गाडीवर? मला कोणी सांगितलं?"

"मी सांगतलं. तू मान हालवली."

"ती मी अशीच हलवतो."

स्टोव्हवर सांडलेल्या चहाचा चरचर आवाज तेवढा येत राहिला.

"आन बे, तीन हॉर्न वाजले ना," गोपाल हळू म्हणाला, जणू हॉर्नकडेच दाद मागत होता. "मी मोजले. तीन वाजले."

"तिच्याजवळ हॉर्न कुठे होता?" अवधूत म्हणाला.

पडली नाही, मागे राहिली, हे कळायला त्याला आणखी थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा जीव भांड्यात पडण्याऐवजी आणखी वर आला. घाटात एकटी बाई, पर्स इथे, फोन इथे, आणि उन्हाळ्यात जनावरं पाण्यावर उतरतात. त्यानं मोबाइल काढला. अनोळखी नंबर, अकरा मिस्ड कॉल. त्यानं लावला. रेंज गेली होती.

आणि तेव्हा कुठे दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली. गाडी वळवताना त्याचा हात पोत्याला लागला आणि विस्तव लागल्यासारखा मागे आला. आठ वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्यानं गोपालच्या बैलांच्या खुराकाला सांगितलं होतं. आणि खुराकानं त्याला माफ केलं होतं.

परतीच्या अठरा किलोमीटरमध्ये कोणी हॉर्न मारला नाही. अवधूत पुढे होता, आठ वर्षांत पहिल्यांदा. प्रत्येक वळणावर तो रस्त्याच्या कडेचं गवत बघत होता, पडली नाही हे माहीत असूनही. आणि मधेमधे मन दुसरीकडेही जात होतं, हे सांगितलं पाहिजे. माणूस घाबरलेला असला तरी आतला मोजणीदार सुट्टीवर जात नाही. कोणी ऐकलं नाही. म्हणजे सांगितलं असं होत नाही. यवतमाळची गोष्ट होती तिथे परत ठेवता येते. अर्ज पुढे करायचा, चुकलो म्हणायचं, वणीचं बोलायचं, यवतमाळचं नाही.

वाकड्या मोहाखाली सुनीती मांडी घालून बसली होती. पदर खोचलेला, पुढ्यात टोपली. लालीबाई आणि ती फुलं निवडत होत्या. तीन गाड्या येऊन थांबल्या तरी तिनं हातातली फुलं संपवली आणि मगच वर बघितलं.

"आलात. चहा झाला का?"

अवधूत खाली मातीतच बसला. तिच्या पायांकडे, हातांकडे, कपाळाकडे बघून झालं. सगळं जागच्या जागी होतं.

"मी पाह्यलं त तुमी चालले," लालीबाई त्याला म्हणाली. "मी हाका मारल्या. मंग माह्या फोनवरून लावला, तुमी उचलाच ना. मी मनलं, बाई, मानूस तुले इसरला. त बाई मनते, इसरला नाई, मोजलं नाई."

गोपालनं कान पकडले. "वहिनी, चूक माई हाय. पोतं मी टाकलं. याले वाटलं तुमीच बसल्या."

"पोत्याला मी समजलात?" सुनीतीनं अवधूतकडे बघितलं. "किती वेळ?"

"अठरा किलोमीटर."

"अठरा किलोमीटर. आणि मग कळलं कसं?"

"ते उतरून राह्यलं नव्हतं," गोपाल म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच वाईट वाटलं.

सुनीती हसली. आधी थोडी, मग पदर तोंडाला लावून. लालीबाईही हसली. नीळकंठला हसावं की नाही कळेना. हसता हसता सुनीती म्हणाली, "बरं, सांगायचं होतं ते सांगितलं का पोत्याला? सकाळपासून ओठ हलवत होता. मला वाटलं, आज काही तरी आहे."

म्हणजे तिला माहीत होतं. म्हणून ती 'येते' म्हणाली होती. आठवडाभर ती गप्प होती, कारण तो कधी विचारतो याची वाट बघत होती. अवधूतला हे आत्ता, मातीत बसल्या बसल्या कळलं, आणि बावीस वर्षांची सगळी मोजणी पायाखालून सरकली. त्यानं खिशातून अर्ज काढून तिच्याकडे दिला.

तिनं वाचला. सरकारी कागद वाचायची तिला सवय होती. दोन ओळींना वेळ लागण्याचं कारण नव्हतं, पण लावला.

"चांगला लिहिला आहे," ती म्हणाली. "फक्त कौटुंबिक अडचण कोणती, ते लिहिलं नाही. साहेब विचारतील."

"मी," अवधूत म्हणाला.

"काय?"

"अडचण मी आहे."

गोपाल आणि नीळकंठ उगीच गाड्यांकडे गेले. लालीबाई कुठेच गेली नाही. झाड तिचं होतं. अवधूतला वाटलं, इथे थांबता येईल. एवढं पुरे आहे. तिचा चेहरा थोडा सैल झाला होता. आणखी एक वाक्य बोललं नाही तर संध्याकाळपर्यंत सगळं ठीक होईल, कदाचित सहीसुद्धा.

"यवतमाळची जागा," तो म्हणाला. "आठ वर्षांपूर्वीची. वशिला नव्हता लागला. तुझ्या साहेबांनी मला विचारलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं."

सुनीतीच्या हातातलं मोहाचं फूल हातातच राहिलं.

"मला जिलेबी आणली होती तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"मी खाल्ली ती. म्हटलं, माणूस चांगला आहे, माझ्या दुःखात गोड आणतो."

मग ती बोलली नाही. तिच्या गप्प राहण्याला काय म्हणायचं हे त्याला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा ते कुठल्याच बाजूला धरता येईना. दरीत कुठे तरी मोर ओरडला. लालीबाईनं टोपली उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, एवढंच.

सुनीती उठली. साडीची माती झटकली, अर्जाच्या चार घड्या केल्या आणि तो अवधूतच्याच जॅकेटच्या खिशात परत ठेवला, नीट, बटण लावून.

"वणीला रुजू व्हायचं पत्र मी माझं लिहीन," ती म्हणाली. "उद्याच देते. तुम्ही टाइप करू नका."

मग ती गोपालच्या गाडीपाशी गेली. "भाऊजी, ते डबे आणि स्टोव्ह नीळकंठभाऊजींकडे द्या. मी तुमच्या मागे बसते."

गोपालनं अवधूतकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि डबे सोडायला लागला. ती बसल्यावर त्यानं मान पूर्ण मागे वळवून बघितलं. "बसल्या ना वहिनी?"

"बसले."

"हात लावून सांगा खांद्याले. आता माहा भरोसा नाई."

तिनं खांद्यावर थाप मारली. गोपालचा हॉर्न वाजला. नीळकंठचा वाजला. मग थोडा वेळ काहीच वाजलं नाही, आणि पुढे गेलेल्या त्या दोघांनी, तिघांनी, वळणाच्या तोंडाशी गाड्या थांबवल्या. सुनीतीनं मागे वळून बघितलं नाही, पण गोपालला निघ असंही म्हटलं नाही.

अवधूतनं हॉर्न मारला.

घाट उतरताना तो नेहमीसारखा शेवटी होता. ऊन चढलं होतं, पळसाची फुलं रस्त्यावर पडून चाकाखाली चिरडली जात होती. पुढच्या पुढच्या वळणावर तिच्या साडीचा हिरवा रंग दिसायचा आणि जायचा. त्यानं काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि कोणाशी बोलणार.

डावीकडचं उताराचं वळण आलं, गाडी कलली, आणि पोतं मागून हळूच त्याच्या पाठीला टेकलं. या वेळी त्याला माहीत होतं कोण आहे. तरी तो पुढे सरकला नाही.